कर्टिस मेफील्ड : पातळ आवाज, ठाम शब्द आणि स्वतःच्या नावावरची गाणी

उत्तररात्र

सोल आणि फंक या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतप्रकारांचा विषय निघाला की सर्वांत आधी गायक जेम्स ब्राऊन यांची आरोळी आठवते. त्या आरोळीचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु १९६० आणि १९७० या दशकांत कृष्णवर्णीय अमेरिकेत काय चालले होते, हे ज्याला गाण्यांमधून समजून घ्यायचे असेल, त्याने गायक, गीतकार आणि गिटारवादक कर्टिस मेफील्ड यांच्यापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. त्यांच्याविषयी लिहिताना 'मृदू' हे विशेषण हमखास वापरले जाते. ते त्यांच्या आवाजाला लागू पडते; त्यांच्या स्वभावाला आणि व्यवहाराला ते तितकेसे लागू पडत नाही, हे दाखवावे म्हणून हा धागा काढला आहे.

मेफील्ड यांचा जन्म ३ जून १९४२ रोजी शिकागोत झाला. वडील लहानपणीच घर सोडून गेले आणि आईने मुलांना हलाखीत वाढवले. काही वर्षे हे कुटुंब कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीत राहिले. आजी स्वतःच्या छोट्याशा चर्चमध्ये प्रवचने देत असे, आणि नातवाचे गाण्याचे पहिले शिक्षण तिथेच झाले. त्या चर्चच्या वर्तुळातच जेरी बटलर हा आणखी एक मुलगा भेटला. दोघे एका गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीते गाणाऱ्या, गटात एकत्र गात असत. पुढे बटलर 'द इम्प्रेशन्स' या गटात आले आणि त्यांनी मेफील्ड यांनाही ओढून आणले. १९५८ मध्ये या गटाचे 'फॉर युअर प्रेशस लव्ह' गाजले तेव्हा मेफील्ड १६ वर्षांचे होते. तबकडीवर मात्र 'जेरी बटलर आणि द इम्प्रेशन्स' असे छापले गेले. एकाचे नाव पुढे आणि बाकीचे मागे, यातून जे व्हायचे तेच झाले आणि बटलर लवकरच वेगळे झाले.

यानंतरची मेफील्ड यांची वाटचाल मला फार बोलकी वाटते. त्यांनी बटलर यांच्याशी वैर धरले नाही. उलट त्यांच्याच कार्यक्रमांत गिटार वाजवून, त्यांच्यासाठी गाणी लिहून चार पैसे साठवले आणि त्या पैशांवर इम्प्रेशन्स पुन्हा उभा केला. १९६१ मध्ये 'जिप्सी वूमन' आले. थोड्याच काळात फ्रेड कॅश, सॅम गुडन आणि मेफील्ड हे त्रिकूट पक्के झाले. मेफील्ड यांनी उंच पट्टीत सुरुवात करायची आणि मध्येच दुसऱ्याने ओळ उचलून घ्यायची, ही चर्चमधली रीत या तिघांनी लोकप्रिय संगीतात इतकी सहज रुजवली की तिचे नवेपण आज जाणवतही नाही.

नागरी हक्कांची चळवळ तेव्हा ऐन भरात होती. १९६४ मधील 'कीप ऑन पुशिंग' चळवळीतल्या लोकांनी आपलेसे केले, आणि १९६५ च्या 'पीपल गेट रेडी'ने तर चर्च आणि रस्ता यांमधली भिंतच काढून टाकली. गाण्यात एक गाडी येते आहे, तिला तिकीट लागत नाही, सामान घ्यावे लागत नाही, केवळ श्रद्धा लागते, एवढाच आशय आहे. परंतु ऐकणाऱ्यांच्या मनात त्या गाडीला अनेक डबे जोडलेले होते. गॉस्पेलमधली स्वर्गाकडे नेणारी गाडी त्यात होती, गुलामांना उत्तरेकडे गुपचूप पोहोचवणारी माणसांची साखळी होती, आणि दक्षिणेतील कापसाची शेते सोडून शिकागोच्या स्थानकावर उतरलेल्या लक्षावधी कुटुंबांचा खराखुरा रेल्वेप्रवासही होता. कोणाचेही नाव न घेता, एकही घोषणा न देता हे सारे सांगून होते. गिटारही किती थोडे बोलते पाहा! दोन ओळींच्या मध्ये एखादी लहानशी जागा, आणि लगेच माघार.

पुढे शब्द अधिक उघड झाले. १९६७ च्या अखेरीस आलेल्या 'वी आर अ विनर'मध्ये कृष्णवर्णीयांचा अभिमान थेट बोलून दाखवला होता आणि काही रेडिओ केंद्रांनी ते गाणे लावण्यास नकार दिला. तरीही ते रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीय संगीताच्या, लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. जेम्स ब्राऊन यांची 'मी कृष्णवर्णीय आहे आणि मला त्याचा अभिमान आहे' अशा अर्थाची सुप्रसिद्ध घोषणा त्यानंतरची, १९६८ च्या उन्हाळ्यातील आहे, हे येथे नोंदवून ठेवतो.

आता व्यवहाराकडे येतो, कारण मेफील्ड यांचे वेगळेपण मला तिथेच अधिक दिसते. त्या काळातील बहुसंख्य कृष्णवर्णीय गीतकार काही डॉलर आणि क्वचित एखाद्या मोटारीच्या बदल्यात गाण्याचे प्रकाशन हक्क कंपनीला देऊन टाकत. पुढे ते गाणे कोणी कितीही वेळा गायले तरी मूळ लिहिणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नसे. मेफील्ड यांनी विशीच्या आरंभीच स्वतःची प्रकाशन संस्था काढली आणि १९६८ मध्ये एडी थॉमस यांच्यासह 'कर्टम' ही ध्वनिमुद्रण कंपनी स्थापन केली. हे नाव दोघांच्या नावांतून बनले आहे. डॉनी हॅथवे यांनी आरंभीच्या काळात तिथे संगीत संयोजनाचे काम केले. लेरॉय हटसन, लिंडा क्लिफर्ड, बेबी ह्यूई असे अनेक जण या कंपनीसाठी गायले. गाणे लिहायचे, गायचे, दुसऱ्याकडून गाऊन घ्यायचे, छापायचे आणि त्याचा हिशेबही आपणच ठेवायचा, हे सारे मेफील्ड यांनी वयाच्या तिशीआधी हाताखाली आणले होते. त्यांनी चळवळीबद्दल गाणी लिहिली ही गोष्ट सगळे सांगतात, परंतु ती गाणी त्यांच्या मालकीची होती ही गोष्ट मला तितकीच राजकीय वाटते.

१९७० मध्ये ते इम्प्रेशन्समधून बाहेर पडले आणि 'कर्टिस' हा पहिला एकल अल्बम आला. पहिल्याच गाण्यात बेसचा घोगरा, गढूळ नाद आणि नरकाचा इशारा आहे. त्याच अल्बममध्ये पुढे 'मूव्ह ऑन अप' हे जवळपास नऊ मिनिटांचे उत्साहाचे गाणे आहे. मास्टर हेन्री गिब्सन यांचे कोंगावादन (कोंगा म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल) ज्यांनी लक्ष देऊन ऐकले नसेल, त्यांनी या गाण्याचा उत्तरार्ध ऐकावा. शब्द संपल्यावर गाणे संपत नाही. तालवाद्ये आणि पितळी वाद्ये ते पुढे नेत राहतात. गंमत अशी की हे गाणे अमेरिकेपेक्षा ब्रिटनमध्ये अधिक चालले आणि १९७१ मध्ये तिथल्या यादीत १२ व्या क्रमांकापर्यंत गेले.

'सुपर फ्लाय' या चित्रपटाला त्यांनी दिलेल्या संगीताविषयी मुद्दामच लिहिलेले नाही. त्यावर मतभेद होणार हे ठाऊक आहे, म्हणून ते प्रतिसादांवर सोपवतो.

---

सांजपाखरू

लेख आवडला. मतभेदाचे आमंत्रण दिलेच आहे, तर ते स्वीकारते.

१९७२ चा 'सुपर फ्लाय' हा चित्रपट एका कोकेन विक्रेत्याला नायक करतो. त्याचे कपडे, त्याची मोटार, भ्रष्ट पोलिसांना चकवून त्याचे सुटून जाणे, हे सगळे प्रेक्षकाला हवेहवेसे वाटावे अशाच पद्धतीने दाखवले आहे. कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी त्यावर कडाडून टीका केली होती आणि अशा चित्रपटांना 'ब्लॅक्सप्लॉइटेशन' (कृष्णवर्णीयांचे शोषण अशा अर्थाचा जोडशब्द) हे नाव त्याच वादात चिकटले. मेफील्ड यांनी त्या चित्रपटाला संगीत दिले आणि एका प्रसंगात ते स्वतः पडद्यावर गातानाही दिसतात. 'पीपल गेट रेडी' लिहिणाऱ्याने हे काम का घेतले असावे? आणि 'पुशरमन' हे गाणे तर विक्रेत्याच्याच तोंडी आहे; त्यात निषेधाचा एक शब्द नाही. ते ऐकताना पाय ताल धरतात, हे तर अधिकच अडचणीचे!

---

उत्तररात्र

@सांजपाखरू, तुमचा आक्षेप मेफील्ड यांनाही मान्य झाला असता, किमान अर्धा तरी. त्यांनी काम स्वीकारले ते पटकथा वाचून. प्रत्यक्ष चित्रीकरण पाहिल्यावर हा तर कोकेनचा जाहिरातपट झाला आहे, असे त्यांना वाटले, आणि हे त्यांनी नंतर मुलाखतींत सांगितले आहे. मग त्यांनी गाण्यांमधून चित्रपटाशी वाद घातला. चित्रपटात फ्रेडी हे एक किरकोळ पात्र आहे. तो मरतो आणि कथा त्याला विसरून पुढे सरकते. मेफील्ड यांनी मात्र त्याच्यावरच आख्खे गाणे लिहिले, त्याच्या वापरल्या जाण्याचा आणि मरणाचा हिशेब मांडला, आणि 'फ्रेडीज डेड' चित्रपटाच्या आधीच लोकांच्या कानी पोहोचले. चित्रपटात या गाण्याची फक्त धून आहे, शब्द नाहीत. त्यामुळे ऑस्करच्या गीत विभागासाठीही ते पात्र ठरले नाही. म्हणजे चित्रपटावरची खरी टीका चित्रपटाबाहेरच राहिली. तो अल्बम अमेरिकेच्या मुख्य यादीत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होता, त्यामुळे ही टीका लोकांपर्यंत पोहोचली नाही असेही म्हणता येणार नाही.

'पुशरमन'बाबत माझे मत तुमच्याहून वेगळे आहे. तो विक्रेता गोड बोलतो, मीच तुझी आई, मीच तुझा बाप आणि मीच तुझा वैद्य असा दावा करतो, आणि ऐकणाऱ्याला तो आवडू लागतो. मोह कसा काम करतो हे त्याशिवाय दाखवता आले नसते. निषेध करणारे गाणे लिहिणे त्यांना सहज शक्य होते. ते त्यांनी पुढच्याच गाण्यांत लिहिलेही. सलग ऐकल्यावर एक गाणे दुसऱ्याला उत्तर देत जाते. सुटे ऐकले तर मात्र तुमचा आक्षेप उरतो, हे कबूल करायला हवे.

---

सांजपाखरू

सलग ऐकले. 'फ्रेडीज डेड'विषयीचे म्हणणे पटले. 'पुशरमन'विषयी अर्धेच पटले, कारण लोक गाणी सुटीच ऐकतात. १९८८ मध्ये आइस-टी या रॅपरने त्याच गाण्याचा तुकडा घेऊन 'मी अमली पदार्थ विकत नाही, संगीत विकतो' अशा अर्थाचे गाणे केले. त्यालाही अर्थ उलटा करून सांगण्याची गरज वाटलीच की.

---

स्वरमंडल

गिटारविषयी कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून लिहितो.

मेफील्ड गिटार कोणाकडे शिकले नाहीत. त्यांना पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर बोटे फिरवायची सवय होती, म्हणून गिटार हाती आल्यावर त्यांनी तिच्या तारा त्या काळ्या पट्ट्यांशी जुळवून घेतल्या. प्रचलित पद्धतीने तारा कशा लावतात हे त्यांना उशिरा कळले आणि तोवर स्वतःची पद्धत बदलण्याची गरज उरली नव्हती. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी काळी तीनचा षड्ज धरला आणि जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सा, ग, प, सा, ग, सा अशी जुळणी केली. म्हणजे सगळ्या तारा मोकळ्या छेडल्या तरी एक सुरेल स्वरमेळ वाजतो. पेटी असलेल्यांनी काळी तीनला सा मानून केवळ काळ्या पट्ट्या क्रमाने वाजवून पाहाव्यात, भूपाचे पाच स्वर मिळतील. मेफील्ड भूप वाजवत होते असा याचा अर्थ काढू नये; चलन, न्यास, विस्तार यांतले तिथे काहीच नाही. परंतु 'पीपल गेट रेडी'मधल्या त्या लहान जागा आपल्या कानाला परक्या का वाटत नाहीत, याचे थोडेसे उत्तर या पाच स्वरांत असावे.

या जुळणीचा एक परिणाम असा की त्यांची नक्कल करणे अवघड होते. नेहमीच्या जुळणीच्या गिटारवर ते स्वर मिळतात, पण तारा एकमेकींत मिसळून जो झंकार उरतो तो मिळत नाही. शिवाय ते नखी न वापरता बोटांनी छेडत. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांच्या संथ गाण्यांत स्वरमेळाच्या कडेने जी नाजूक नक्षी ऐकू येते, तिचा उगम जाणकार मेफील्ड यांच्या वादनात शोधतात, आणि तो शोध योग्य आहे असे माझे कान सांगतात.

---

खारावारा

जमैकाचा उल्लेख राहिला. तिथल्या त्रिकुटांनी इम्प्रेशन्स अक्षरशः गिरवला होता. बॉब मार्ली, पीटर टॉश आणि बनी वेलर यांचे सुरुवातीचे गायन ऐकले तर तीन आवाजांची वाटणी कुठून आली ते लगेच कळते. १९६५ च्या 'वन लव्ह'मध्ये 'पीपल गेट रेडी'चा भाग सरळ घेतला होता आणि तेव्हा मेफील्ड यांना श्रेय दिलेले नव्हते. १९७७ मध्ये 'एक्सोडस' अल्बमसाठी ते पुन्हा ध्वनिमुद्रित झाले तेव्हा मार्ली यांच्या बरोबरीने मेफील्ड यांचेही नाव आले. मुंबई-गोव्यापासून जगभरच्या किनाऱ्यांवर जे गाणे निव्वळ मार्ली यांचे म्हणून वाजते, त्यात शिकागोच्या या माणसाचाही वाटा आहे. धागालेखकांनी मालकी हक्कांचा जो मुद्दा मांडला आहे, त्याला हे उदाहरण चपखल बसते.

---

चौथा कट्टा

१९७२ हे वर्ष वाचून थबकलो. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतलेले होते. मेफील्ड यांचा ब्लॅक पँथरशी काही संबंध होता का?

---

उत्तररात्र

@चौथा कट्टा, त्यांची वृत्ती मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बाजूची होती, पँथरांच्या नव्हे. १९६९ चे 'चॉइस ऑफ कलर्स' हे गाणे श्वेतवर्णीय आणि कृष्णवर्णीय अशा दोन्ही श्रोत्यांना प्रश्न विचारते, आपल्या माणसांनाही कानपिचक्या देते. त्या वर्षांतील जहाल तरुणांना हा सूर नेमस्त वाटला असणार. तरीही 'वी आर अ विनर' त्यांच्याही सभांना परके नव्हते. दलित पँथरशी थेट धागा जोडता येत नाही, तेव्हा तो जोडत नाही.

---

पाणपोई

सगळे गोड गोड चालले आहे, म्हणून एक खडा टाकतो. गाण्यांच्या मालकीबद्दल इतका जागरूक असलेला हा माणूस दुसऱ्यांच्या श्रेयाबाबत तितकाच उदार होता का? जॉनी पेट हे इम्प्रेशन्सच्या काळापासूनचे त्यांचे संगीत संयोजक. तंतुवाद्ये, पितळी वाद्ये, हार्प, हा सगळा भरजरी पट पेट यांनी विणलेला आहे. 'सुपर फ्लाय'मधील वाद्यरचनांच्या श्रेयावरून दोघांत बिनसले आणि पेट बाजूला झाले. मेफील्ड यांना पाश्चात्त्य स्वरलिपी लिहिता-वाचता येत नव्हती, हे लक्षात घेतले तर गाणे नेमके कुठे संपते आणि संयोजन कुठे सुरू होते, हा प्रश्न सोपा राहत नाही. आपल्याकडे संगीतकार आणि संयोजक यांच्यात हेच वर्षानुवर्षे चालत आले आहे. पेट यांचे नाव धाग्यात एकदाही आले नव्हते, म्हणून हा प्रतिसाद.

---

उत्तररात्र

@पाणपोई, रास्त आहे. पेट यांच्यानंतरच्या अल्बममध्ये ती भव्यता क्वचितच आढळते, यातच त्यांच्या वाट्याचे माप मिळते. मात्र १९७५ च्या 'देअर्स नो प्लेस लाइक अमेरिका टुडे'मध्ये ती नसल्यामुळेच काही साधले आहे. संगीत अगदी विरळ, जवळजवळ उपाशी. मुखपृष्ठावर सुखी श्वेतवर्णीय कुटुंबाच्या जाहिरातफलकाखाली मदतीच्या रांगेत उभे राहिलेले कृष्णवर्णीय लोक आहेत. मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९३७ च्या पुरानंतर लुईव्हिलमध्ये टिपलेल्या प्रसिद्ध छायाचित्रावरून ते चित्र काढलेले आहे. नागरी हक्कांचे कायदे होऊन दहा वर्षे उलटल्यावर रांग तशीच आहे, हे त्या मुखपृष्ठाने सांगितले.

---

सांजपाखरू

शेवटच्या दशकाविषयी मी लिहिते, कारण त्याबद्दल वाचून मी हादरले होते.

१३ ऑगस्ट १९९० रोजी ब्रुकलिनमधील विंगेट फील्ड या मैदानावर खुला कार्यक्रम होता. मेफील्ड मंचावर चढत असतानाच वादळी वाऱ्याने दिव्यांचा सांगाडा कोसळून त्यांच्या अंगावर आला. मानेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. गिटार संपली. छातीचे स्नायू साथ देईनात, त्यामुळे गाणेही संपल्यात जमा होते. तरी १९९६ मध्ये 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' हा अल्बम आला. पाठीवर आडवे झोपून, एका वेळी जेमतेम एखादी ओळ गाऊन, त्या ओळी जोडून तो तयार केला गेला. अरीथा फ्रँकलिन आणि मेव्हिस स्टेपल्स यांनी त्यात साथ दिली आहे. दोघींसाठी त्यांनी सत्तरच्या दशकात गाणी आणि अल्बम केले होते. आवाज खाली उतरला आहे, श्वास तुटतो आहे, आणि शब्दांची फेक मात्र तीच आहे. हा अल्बम दयेपोटी ऐकण्याची गरज नाही, तो एरवीही चांगला आहे.

१९९८ मध्ये मधुमेहामुळे त्यांचा एक पाय कापावा लागला. १९९९ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांची एकल गायक म्हणून निवड झाली (इम्प्रेशन्सची निवड १९९१ मध्येच झाली होती), परंतु प्रकृतीमुळे ते समारंभाला जाऊ शकले नाहीत. त्याच वर्षी २६ डिसेंबरला जॉर्जिया राज्यातील रॉसवेल येथे त्यांचे निधन झाले. वय ५७.

त्या काळात उपचारांचा प्रचंड खर्च सोसताना गाण्यांचे हक्क स्वतःकडे असण्याचा किती आधार झाला असेल, हे धाग्यातील पहिला लेख वाचून जाणवले.

---

कोरी पाटी

मी या संगीतात पूर्णपणे नवखा आहे. कान्ये वेस्टच्या 'टच द स्काय'मधील पितळी वाद्यांचा तुकडा 'मूव्ह ऑन अप'मधून घेतला आहे, एवढे आजच कळले. कुठून सुरुवात करावी?

---

उत्तररात्र

@कोरी पाटी, तो तुकडा ओळखीचा असेल तर तिथूनच सुरुवात करा, परंतु तीन मिनिटांची छोटी आवृत्ती घेऊ नका. तीत कोंगा आणि ड्रमचा उत्तरार्ध कापलेला आहे, अल्बममधलीच घ्या. त्यानंतर इम्प्रेशन्सची 'इट्स ऑल राइट' आणि 'पीपल गेट रेडी' ऐका, मग 'सुपर फ्लाय' पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत सलग. मंचावरचे मेफील्ड ऐकायचे असतील तर न्यूयॉर्कच्या 'बिटर एंड' या छोट्या क्लबातील १९७१ चा 'कर्टिस लाइव्ह' आहे. त्यात व्हायोलिनसारखी तंतुवाद्ये नाहीत, पितळी वाद्ये नाहीत, फक्त चार वादक आणि मेफील्ड आहेत. @पाणपोई यांनी विचारलेल्या प्रश्नाचा, म्हणजे संयोजन काढून घेतल्यावर गाण्यात काय उरते याचा, निवाडा तो अल्बम ऐकून ज्याने त्याने करावा. माझ्या मते बरेच उरते.